म्हाताऱ्या उंदरांचं यकृत आणि माझे पहिले सहा महिने

बेळगावात एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घेतली आणि विषयही हौसेनं निवडला: प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा यकृताच्या अँटिऑक्सिडंट यंत्रणेवर काय परिणाम होतो, आणि वयानुसार तो बदलतो का. निपाणीकडच्या आमच्या गावात बाबांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे म्हाताऱ्याला औषध झेपतं काय, एवढंच बघणार न्हवं?" एवढंच होतं खरं. पण त्यासाठी आधी म्हातारा उंदीर लागतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

विस्टार जातीचा पांढरा उंदीर म्हातारा म्हणवायला साधारण 20 ते 24 महिने लागतात. तुमचा कोर्स दोन वर्षांचा. मागवाल तेव्हा मिळतात ती आठ-दहा आठवड्यांची पोरं. म्हणून विषय ठरायच्या आधी प्राणीगृहात जाऊन वयस्कर जनावरं किती आहेत ते विचारा. मी आधी सिनॉप्सिस लिहिला आणि मग विचारलं. बरेच जण सहा-आठ आठवडे डी-गॅलॅक्टोज ही साखर टोचून वार्धक्यासारखी अवस्था आणतात. तो मार्ग वाईट नाही, पण मग शीर्षकात 'वय' लिहू नका. नैतिक समितीची परवानगीही जनावरांच्या वयासकट घ्या.

दुसरी चूक औषधाची. 'इम्युनोसप्रेसंट', म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, हे एका औषधाचं नाव असल्यासारखं मी बोलायचो. ॲझाथायोप्रीन शरीरात गेल्यावर मुख्यतः ग्लुटाथिओनशी (यकृतातलं एक मुख्य अँटिऑक्सिडंट) अभिक्रिया होऊनच 6-मर्कॅप्टोप्युरीन बनतं, म्हणजे ते यकृताचा ग्लुटाथिओनचा साठा थेट खर्च करतं. सायक्लोस्पोरीनची तऱ्हा निराळी. ते यकृतातल्या सीवायपी3ए विकरांकडून मोडलं जातं, पित्ताचा प्रवाह अडवू शकतं, आणि उंदरांवरच्या बऱ्याच प्रयोगांत त्यानं ग्लुटाथिओन घटून मेदाच्या ऑक्सिडेशनची खूण, म्हणजे एमडीए, वाढलेली दिसते. एकच औषध घ्या आणि ते नीट समजून घ्या. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न इथलाच असतो.

मी सायक्लोस्पोरीन घेतलं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून ऑलिव्ह तेलातून पाजलं. कंट्रोल गटाला, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेल्या उंदरांना, मात्र सलाइन! गाइड सरांनी शांतपणे विचारलं, "मग हा औषधाचा परिणाम, की तेलाचा?" तीन आठवडे पाण्यात. कंट्रोललाही तेवढंच तेल द्या.

त्याहून छुपी गोष्ट वजनाची. तरुण उंदीर दोनशे ग्रॅमचा, म्हातारा चारशे-पाचशेचा, त्यातली बरीच चरबी. डोस मिलिग्रॅम प्रति किलो धरला की म्हाताऱ्याला एकूण औषध जास्त जातं, आणि हे औषध चरबीत मुरणारं. शेवटी दिसलेला फरक वयाचा की डोसचा? शक्य असेल तर रक्तातली पातळी मोजून घ्या. निकालही प्रति मिलिग्रॅम प्रथिन आणि प्रति ग्रॅम ऊती, असे दोन्ही लिहा. वयाबरोबर यकृतातलं चरबी-प्रथिनांचं प्रमाणच बदलतं.

आता यकृत काढायचा दिवस. यावर मी सगळ्यात जास्त बोलेन, कारण इथंच आकडे बिघडतात. यकृत थंड सलाइननं आतून धुऊन फिकट होईपर्यंत रक्त काढा. तांबड्या पेशींत कॅटलेज हे अँटिऑक्सिडंट विकर भरपूर असतं, नाहीतर तुम्ही रक्तच मोजत बसाल. सगळं बर्फावर. ग्लुटाथिओनसाठी होमोजिनेट (यकृत वाटून केलेलं द्रावण) लगेच आम्लात घाला. त्यानं प्रथिनं बाजूला होतात आणि ग्लुटाथिओनचं ऑक्सिडेशनही रोखलं जातं. माझ्या पहिल्या खेपेला एप्रिलमध्ये दुपारी करंट गेला, बर्फ वितळला, आणि शेवटच्या चार नळ्यांत डीटीएनबीचा (ग्लुटाथिओन मोजायचं रसायन) पिवळा रंग 412 नॅनोमीटरवर जेमतेम उमटला. मी खूश, की म्हाताऱ्यांचं ग्लुटाथिओन घटलं! ते खरंच घटतं म्हणा, यावर बहुतेक प्रयोगांचं एकमत आहे. (एसओडी हे दुसरं अँटिऑक्सिडंट विकर आणि कॅटलेज यांच्याबाबत मात्र निकाल जुळत नाहीत, तेव्हा तिथं ठाम वाक्य टाकू नका.) पण मी सकाळी सगळे तरुण कापले होते आणि दुपारी सगळे म्हातारे. यकृतातलं ग्लुटाथिओन दिवसाच्या वेळेनुसार आणि उपाशीपोटी बदलतं. गट मिसळून, एक तरुण एक म्हातारा असं घ्या.

आणि कन्नड आकडे शिका. आमच्या प्राणीगृहातले मामा बैलहोंगलकडचे, म्हाताऱ्या उंदरांना ते 'अज्जा' म्हणायचे. जन्मतारखांची वही त्यांच्या हातची. कन्नडमधला सहा आणि नऊ घाईत सारखेच दिसतात. एका पिंजऱ्याचं वय मी तीन महिन्यांनी चुकवलं होतं, ते मामांनीच हसत हसत दाखवलं. मग चहा पाजून मी पूर्ण वही त्यांच्याकडून वाचून घेतली.