शिडाची होडी, दोन पोरं आणि ६५ फुटांचे पूल

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉरफोक ते मायामी शिडाच्या होडीतून जायचं ठरलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फुगलेली शिडं होती. इंट्राकोस्टल वॉटरवेवर आम्ही बहुतेक वेळ इंजिनावरच चाललो. नद्या, खाड्या आणि खोदलेले कालवे जोडून केलेली ही वाट अरुंद, वळणावळणाची. वारा नेमका समोरून. म्हणून निघण्याआधी शिडांपेक्षा इंजिनाकडे बघा: जादा बेल्ट, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं फिरणारं रबरी चक्र), डिझेलचे फिल्टर दोन-तीन तरी.

मग डोलकाठी मोजा. कागदपत्रांतला आकडा घेऊ नका, टेप लावा. पाण्यापासून टोकापर्यंत, वरचा रेडिओचा अँटेना धरून. वाटेतले न उघडणारे पूल पाण्यापासून साधारण ६५ फूट उंच आहेत, मायामीतला ज्युलिया टटल कॉजवेचा, म्हणजे खाडीवरच्या रस्त्याचा, मात्र ५६. आमची काठी ४७ फूट, म्हणजे काळजीचं कारणच नव्हतं. तरी खालून बघताना दर वेळी वाटायचं, आता आपटली! धाकटा डेकवर उताणा पडून बघायचा आणि ऐन वेळी डोळे गच्च मिटायचा. बऱ्याच पुलांच्या खांबापाशी फुटपट्टीसारखा फलक असतो, त्या क्षणी पाण्यापासून किती उंची उरली आहे ते त्यावर दिसतं. काठी उंच असेल तर नकाशातल्या आकड्याआधी तो वाचा.

उघडणाऱ्या पुलांची गंमत वेगळी. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात पूलवाल्याला रेडिओच्या १३ नंबरच्या चॅनेलवर हाक मारायची, साउथ कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंत ९ वर. पुलाचं नाव, आपल्या होडीचं नाव, कुठल्या दिशेला चाललोय, एवढंच बोला. कित्येक पूल ठरल्या वेळीच उघडतात. पाच मिनिटं उशीर झाला की अर्धा तास घिरट्या. प्रवाह मागून ढकलत असेल तर पुलाच्या फार जवळ थांबू नका, प्रवाहाकडे तोंड करून लांबच राहा. हाक मारायचं काम आम्ही मोठीला दिलं. ११ वर्षांच्या मुलीचा आवाज ऐकून पूलवाले खुलायचे.

पोरांना खरी कामं द्या, हे मी दहादा सांगेन. नुसतं ‘बसा गप्प’ म्हटलं तर तिसऱ्या दिवशी होडीत महाभारत. धाकट्याकडे खुणा होत्या. या वाटेच्या खांबांवर आणि बोयांवर (पाण्यात तरंगणाऱ्या खुणांवर) छोटा पिवळा त्रिकोण किंवा चौकोन असतो. दक्षिणेला जाताना त्रिकोण उजवीकडे, चौकोन डावीकडे. दुसऱ्या नदीची वाट आडवी आली की लाल-हिरव्याचा घोळ होतो, एरवी उजवीकडे असणारा लाल डावीकडे येतो. तेव्हा पिवळ्याचं ऐकायचं. सात वर्षांच्या पोराला हे दोन दिवसांत पाठ झालं, नवऱ्याला आठवडा लागला. चालत्या होडीत डेकवर असलेल्या १३ वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं तिथे बऱ्याच राज्यांत कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे त्यावर वाद घालायचा प्रश्नच नव्हता.

नॉरफोकहून निघताना दोन वाटा फुटतात. होडीचा तळ फार खोल नसेल आणि कालवा चालू असेल तर डिस्मल स्वॅम्प कालव्याची धरा. १८०५ साली खुला झालेला हा कालवा गुलाम मजुरांनी दलदलीत उभं राहून खोदला, तेही मुलांना सांगा. पाणी काळ्या चहासारखं. डीप क्रीकच्या लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून-सोडून होडी वर-खाली करणाऱ्या दारांच्या हौदात, होडी सुमारे ८ फूट वर चढते, साउथ मिल्सला तेवढीच उतरते. दोर खुंट्याभोवती नुसता वळवून हातात धरायचा, गाठ मारायची नाही. वर चढताना ढील ओढत राहा, उतरताना सोडत राहा. आमच्या पुढच्या होडीवाल्याने उतरताना दोर बांधून ठेवला. पाणी खाली गेलं आणि होडी एका कुशीवर लटकली. आतली भांडी गडगडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला.

कूकर मात्र नक्की घ्या. झाकण घट्ट, होडी कलली तरी खिचडी सांडत नाही.

जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक ७ ते ९ फूट. सवानाच्या दक्षिणेला हेल गेट नावाचा उथळ तुकडा आहे, तिथे अर्धी भरती झाल्यावर पाणी चढत असतानाच शिरा. आम्ही तो नीट पार केला आणि पुढे एका साध्या वळणावर आतून कोपरा कापायला गेलो. होडी लोण्यात सुरी शिरावी तशी गाळात थांबली, धक्कासुद्धा नाही. वळणावर खोली बाहेरच्या अंगाला असते, गाळ आतल्या. पाणी चढत असताना रुतलात तर चहा टाका, तासाभरात होडी आपोआप सुटेल. उतरत असताना रुतलात तर एक क्षणही घालवू नका: आलात त्याच दिशेने मागे घ्या, सगळ्यांना एका बाजूला बसवून होडी कलती करा. नाहीतर कित्येक तास आडवे.

रोजचा टप्पा ४० मैलांचा धरा. या वाटेचे मैल रस्त्यावरचे असतात, समुद्री नव्हेत, वाट दाखवणाऱ्या यंत्रात ते बदलून घ्या. उन्हं असतानाच नांगर टाका. दोर किती सोडायचा ते मोठी वहीत मांडायची: खोली १० फूट, होडीच्या नाकाची उंची ४, बेरीज १४, पाचपट ७०. एकदा मी ७० फूटच धरून दोर सोडायला लागले तर ती म्हणाली, ‘आई, आत्ता ओहोटी आहे ना? भरतीचे ८ धरलेच नाहीस.’ मग २२ पाचे ११० फूट सोडला.