नागरिकांची फौज उभारताना या चुका टाळा

विज्ञान-कल्पनारम्य टेबलटॉप खेळासाठी, म्हणजे टेबलावर छोटे पुतळे मांडून लढाई खेळण्यासाठी, फौज उभारणारे खेळाडू सैनिकांचा विचार बारकाईने करतात. पलटणीचा इतिहास लिहितात, चिलखताचे रंग ठरवतात. त्याच फौजेत शहर वाचवायला उतरलेले नागरिक घ्यायचे म्हटले की मात्र हाताला लागेल त्या मिनिएचरला (छोट्या पुतळ्याला) जुनाट बंदूक चिकटवून काम संपवले जाते. परिणामी टेबलावर नागरिक दिसतच नाहीत, गबाळ्या गणवेशातले सैनिक तेवढे दिसतात.

आधी शस्त्र, मग माणूस

बाकी बहुतेक चुका याच चुकीतून निघतात. सैनिकाच्या हाती शस्त्र सरकार देते, तर नागरिक ते आपल्या रोजच्या कामातून उचलतो. म्हणून हा माणूस कालपर्यंत कोणते काम करत होता, हे आधी ठरवावे. मुंबईत राहणाऱ्याला त्यासाठी लांब जावे लागत नाही. समजा, तुमचे शहर म्हणजे परक्या चंद्रावरचे बंदर आहे. मुंबई बंदराजवळच्या दारूखाना भागात जुनी जहाजे तोडणाऱ्याचा गॅस कटर, माथाडी कामगाराचा गोणीत रुतवायचा हूक, रेल्वेच्या गँगमनची पहार, कोळ्याचे जाळे, कापड गिरणीतला धातूच्या टोकांचा धोटा अशी हत्यारे नजरेसमोर आणली, तर अर्धी फौज तयार होते.

इथे केवळ आकार उचलून थांबू नये, त्या हत्याराची चालही उचलावी. गॅस कटरची ज्योत जाडजूड पोलाद कापते, पण ती वीतभरही लांब पोहोचत नाही आणि नळ्या व सिलिंडर तिला जखडून ठेवतात. चंद्रावरच्या बंदरात त्या सिलिंडरमध्ये बंदिस्त ताऱ्याची आग असली, तरी हा स्वभाव बदलू नये. नियमांत त्याचा अर्थ असा, की चिलखताविरुद्ध जबर मारा, पल्ला जवळजवळ शून्य, धावण्याची मुभा नाही आणि कटर चालवणाऱ्यासोबत सिलिंडर ओढणारा दुसरा माणूस हवाच. या उलट, नागरिकाच्या कटरला सैनिकी तोफेचा पल्ला दिला, तर या शहराने सैन्य पोसलेच कशासाठी, असा प्रश्न समोरच्या खेळाडूला पडेल.

जादूलाही हाच न्याय लावावा. सामान्य माणसांच्या हाती अग्निगोळे फेकणारे मंत्र देण्यापेक्षा कामाला जुंपलेली जादू मला अधिक पटते. ओझे हलके करणारा हमालांचा मंत्र उलटा म्हटला, तर शत्रूचे चिलखत त्यालाच पेलवेनासे होईल. एवढ्या एका कल्पनेतून तुकडीला इतिहास मिळतो आणि नियमही मिळतो.

घरगुती बंदूक म्हणजे भंगाराचा ढीग नव्हे

प्रत्येक नागरिकाच्या हाती वेगळी, वेडीवाकडी, तारांनी बांधलेली बंदूक देण्याचा मोह अनेकांना होतो. खऱ्या इतिहासातली गुप्त शस्त्रनिर्मिती बरीच शिस्तीची होती. १९४४च्या वॉर्सा उठावात वापरली गेलेली ब्लिस्काविका ही सबमशीनगन जर्मन ताब्यातील पोलंडमध्ये भूमिगत कारखान्यांत बनली. साध्या वर्कशॉपमध्ये ती जमावी म्हणून तिच्या रचनेत वेल्डिंग टाळून आट्यांचे आणि स्क्रूचे जोड ठेवले होते, आणि अशा सुमारे ७०० बंदुका तयार झाल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या होम गार्ड या नागरिक स्वयंसेवकांच्या दलासाठी पोलादी नळीला संगीन वेल्ड करून भाले बनवले गेले. तेही एकाच नमुन्याचे आणि मोठ्या संख्येने. तेव्हा तुमच्या शहरात कोणती लेथ आहे, कोणत्या मापाचे पाइप मिळतात आणि गोळ्या कोण भरते, हे ठरवून तुकडीसाठी दोन-तीनच नमुने निवडावेत. गोळ्या अपुऱ्या असतील, तर ते पट्ट्यावरच्या रिकाम्या खणांतून दाखवता येते.

सगळेच तरुण, सगळेच फाटक्या कपड्यांत

नागरिक म्हणजे चिंध्या नव्हेत. बस कंडक्टर, अग्निशामक, परिचारिका, टपालवाला यांचे स्वतःचे गणवेश असतात. वयस्क माणसे असतात, कासोटा घातलेल्या बायका असतात. मात्र एखाद्या खऱ्या समाजाचा पोशाख जसाच्या तसा परग्रहावर नेण्याऐवजी त्यामागचे कारण न्यावे. कासोट्याने चिखलात आणि होडीत पाय मोकळे राहतात, हे कारण कोणत्याही चंद्रावर लागू पडते. इतकी विविधता आल्यावर तुकडी एकसंध दिसत नसेल, तर दंडावर एकाच रंगाची पट्टी रंगवावी. वॉर्सात लढणाऱ्यांनीही पांढऱ्या-लाल दंडपट्ट्याच बांधल्या होत्या.

एवढे करूनही ते सैनिकच वाटतात

अशा वेळी दोष बहुधा उभे राहण्याच्या ढबीत असतो. सैनिकी मिनिएचरच्या किटमधले (सुट्या भागांच्या संचातले) हात खांद्याला बंदूक लावण्यासाठी घडवलेले असतात. ते मनगटापाशी कापून पहार दोन्ही हातांत अंतर ठेवून, टोक खाली करून धरवावी. होजपाइप कमरेशी घ्यावा. काही डोकी शत्रूऐवजी शेजाऱ्याकडे वळवावीत. तुकडीत दोन-तीन माणसे निःशस्त्र ठेवावीत: पाणी देणारी, जखमी उचलणारा, निरोप नेणारा मुलगा. रस्त्यालाही विसरू नये. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांच्या उठावाला पाठिंबा देत मुंबईचे कामगार रस्त्यावर आले, तेव्हा लष्करी गोळ्यांसमोर त्यांच्याकडे दगड आणि रस्त्यात रचलेले अडथळे होते. दोनशेहून अधिक माणसे त्यात गेली. नागरिकांच्या फौजेत उलटलेली हातगाडी म्हणूनच बंदुकीइतकीच मोलाची ठरते, आणि तिला नियमांतही आडोशाचे स्थान द्यावे.

बारीक हत्यारे मोडणे, प्रायमर खरखरीत होणे

२८ मिलिमीटरच्या मिनिएचरचे प्रमाण साधारण १:६० धरले, तर ३ सेंटिमीटर जाडीचा दांडा अर्ध्या मिलिमीटरचा होतो. तो हातभर अंतरावरून दिसत नाही आणि खोक्यात ठेवतानाच मोडतो. दांडे दुप्पट जाड करावेत आणि शक्यतो पितळी तारेचे बनवावेत. तळहाताला बारीक भोक पाडून तार आरपार घातली, तर सुपरग्लूवर सगळा भार येत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात स्प्रे प्रायमर (रंगाआधी द्यायचा थर) आणि विशेषतः वॉर्निश दमट हवेने दुधाळ किंवा खरखरीत होऊ शकते. त्या महिन्यांत प्रायमर ब्रशने लावावा, आणि वॉर्निशसाठी कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबावे.