कूर्चा मरू लागली तर काय करावे : माणसाचा कान, बैलाचे नाक, वासराचा गुडघा

आपल्याकडे ज्याला कानाचे किंवा नाकाचे मऊ हाड म्हणतात, ती कूर्चा होय. मोडलेले हाड जुळून येते, कारण हाडातून रक्त वाहते. कूर्चेत मात्र एकही रक्तवाहिनी नसते. कानात आणि नाकात ती अंगाला घट्ट चिकटलेल्या पातळ आवरणातून झिरपणाऱ्या पोषणावर जगते, तर सांध्यात हाडांच्या टोकांवर बसून सांध्यातील वंगणावर. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचले, पू झाला किंवा ते वंगणच नासले, की तिची उपासमार सुरू होते. मेलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी भरून येत नाही, म्हणून मार लागल्यापासून किती दिवस झाले, हे आधी मोजावे आणि मग औषधाचा विचार करावा.

कुस्तीच्या आमदंगलीत कान घासला गेला आणि काही तासांत कानाच्या वरच्या भागावर मऊ, निळसर फुगार आली, तर आत रक्त साचले आहे असे समजावे. हळद-चुन्याचा लेप लावून किंवा शेकून हे रक्त जिरत नाही, आणि घरी सुई टोचून काढले तर ते पुन्हा भरते व वर जंतू आत जातात. शक्यतो दुसऱ्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन रक्त काढून घ्यावे. त्यानंतर आवरण कूर्चेला पुन्हा चिकटावे म्हणून दाब देणारी पट्टी बांधतात. ती डॉक्टर सांगतील तोवर काढू नये आणि कान बरा होईपर्यंत आखाड्यात उतरू नये. आठवडाभर थांबल्यास आत चिवट, वेडीवाकडी गाठ बनते. मोडलेला कान पहिलवान मोठ्या अभिमानाने मिरवतात, पण तो मेलेल्या कूर्चेचा व्रण असतो.

भिकबाळी किंवा बुगडीसाठी कानाच्या वरच्या भागात छिद्र पाडतात, तेव्हा सुई कूर्चेतून जाते. कानाच्या पाळीत कूर्चा नसल्यामुळे तेथे ही भीती नाही. टोचल्यानंतर कान लाल, गरम आणि ठणकणारा झाला, पण पाळी मात्र नेहमीसारखीच राहिली, तर ही ओळखीची खूण आहे : संसर्ग कूर्चेच्या आवरणात शिरला आहे. यामागे बहुतेक वेळा ओलाव्यात वाढणारा स्यूडोमोनास हा जंतू असतो, आणि मेडिकलच्या दुकानातून सहज मिळणारे अमॉक्सिसिलिन त्याच्यावर चालत नाही. दागिना काढून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असेल तर तो आवर्जून सांगावा.

नाकाच्या बाबतीत सवड आणखी कमी असते. मूल बैलगाडीवरून पडले किंवा नाकावर चेंडू लागला आणि नंतर दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या, तर बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. मधल्या पडद्यावर लालसर-जांभळा, मऊ फुगवटा दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण 3-4 दिवसांत पडदा मरून नाक खोगिरासारखे खचू शकते, मुलांत त्याची पुढची वाढही खुंटते, आणि पू झाल्यास संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. रक्त वाहायचे थांबले म्हणजे धोका टळला, हा समज चुकीचा आहे.

हाच न्याय गोठ्यातही लागू होतो. गोऱ्ह्याला वेसण घालताना अंगठा आणि बोट नाकपुड्यांत घालून पडद्याचा पुढचा मऊ, कातडीचा भाग चाचपावा आणि छिद्र तेथेच पाडावे. त्यामागे कडक लागते ती कूर्चा, तिच्यातून दोर गेला तर जखम लवकर भरत नाही. पोळ्याच्या वेळी नवी वेसण घालताना जुन्या छिद्राला दुर्गंधी किंवा अळ्या आढळल्या, तर नवा दोर लगेच ओवू नये. कानात ओळखीचा 12 अंकी बिल्ला मारतानाही तो मोठ्या शिरा टाळून, कानातल्या कूर्चेच्या दोन उंचवट्यांमध्ये बसवून घ्यावा, आणि पुढचे काही दिवस कान सुजला आहे का ते पाहत राहावे.

वासरांच्या सांध्यातील कूर्चेचे मरण मात्र बहुधा नाळेतून सुरू होते. नाळेवाटे शिरलेले जंतू रक्तातून गुडघ्यात पोहोचतात, आणि तेथे झालेल्या पुवातील पाचक द्रव्ये सांध्याची कूर्चा काही दिवसांत अक्षरशः पचवून टाकतात. जन्मताच नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे, 2 तासांच्या आत पोटभर चीक पाजावा, आणि सांधा गरम व सुजलेला दिसताच पशुवैद्यकीय सेवेच्या 1962 या क्रमांकावर फोन करावा. वासरू घरघर करत श्वास घेते आणि तोंडाला घाण वास येतो, तेव्हा घशातील कूर्चा सडत असण्याची शक्यता असते. कुटारातील टोकदार काड्यांनी झालेल्या ओरखड्यांतूनही हा संसर्ग शिरतो.

ब्रॉयलर शेडमध्ये विक्रीच्या वयाला आलेला पक्षी पंखांचा आधार घेत लंगडत असेल, तर मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाची कूर्चा तपासून घ्यावी. वजन झपाट्याने वाढल्याने वाढीच्या कूर्चेत बारीक भेगा पडतात आणि रक्तातले जंतू त्यांत घर करतात. लंगडणे दिसू लागल्यावर औषधाचा उपयोग फारसा होत नाही, त्यामुळे कोरडे तूस आणि स्वच्छ पाणी यांवरच भर द्यावा.

विडी-सिगारेटच्या सवयीतून स्वरयंत्राचा कर्करोग होऊन ज्यांनी किरणोपचार घेतले आहेत, त्यांच्या स्वरयंत्राची कूर्चा कधी कधी अनेक वर्षांनीही मरू शकते. आवाज बसणे, गिळताना दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काही नव्याने सुरू झाल्यास तपासणी करावी. विडी-सिगारेट सुरूच ठेवल्यास हा धोका वाढतो.

गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या तरुणाची जांघ दुखत असेल, तर तेथे क्रम उलटा असतो : आधी खुब्याचे हाड मरते, वरची कूर्चा वंगणावर काही काळ तग धरते आणि हाड खचल्यावर तीही फाटते. वेदना गुडघ्यातही जाणवते, म्हणून केवळ गुडघ्याचा एक्स-रे काढून थांबू नये. खुब्याचा एक्स-रे सुरुवातीला निर्दोष दिसू शकतो. दुखणे टिकून राहिल्यास एमआरआयची मागणी करावी, आणि निदान होईपर्यंत त्या पायावर ओझे देऊ नये.