एक गट धरा : वनस्पती वर्गीकरणात येऊ पाहणाऱ्यांसाठी

हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचा संग्रह, बघायला आलेल्या एमएस्सीच्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, नवीन प्रजाती शोधायची तर कुठल्या जंगलात जायचं?" विचारताना चेहऱ्यावर इतकी उत्सुकता असते की मलाही बरं वाटतं. मी त्यांना समोरच्या लोखंडी कपाटाकडे नेते आणि म्हणते, सुरुवात इथून.

एखादी वनस्पती नवी आहे असं म्हणणं हा फार मोठा दावा आहे. वनस्पतींच्या नावांचा हिशेब लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून धरला जातो. तेव्हापासून आजपर्यंत जगात कुणीही, कुठल्याही नियतकालिकात या झाडाला नाव दिलेलं नाही, हे तुम्हाला दाखवून द्यावं लागतं. आणि आपला सह्याद्री काही कोरी पाटी नाही. डाल्झेल आणि गिब्सन यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक १८६१ मध्येच काढलं. हूकरच्या फ्लोराचे, म्हणजे प्रदेशातल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या ग्रंथाचे, सात खंड १८९७ पर्यंत पुरे झाले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात आला, आणि आजही फील्डवरून परतल्यावर माझा पहिला हात त्याच्याकडेच जातो. एवढ्या लोकांच्या नजरेतून काय सुटलं, हे कळायला त्यांनी काय पाहिलं ते आधी माहीत हवं.

म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं. नव्या प्रजातीच्या मागे लागू नका. एक गट धरा आणि त्या गटातली आपल्या भागातली प्रत्येक प्रजाती, तिचं प्रत्येक जुनं नाव, तिचे जुने नमुने ओळखीचे करून घ्या. नवं काही असेल तर ते आपोआप वेगळं दिसायला लागतं. गट माहीत नसेल तर नवं झाड पायाखालून जाईल आणि कळणारही नाही.

गट निवडताना स्वतःच्या घराचा विचार करा. पावसाळ्यात एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशा अंतरावर तो भेटला पाहिजे, कारण एकदा पाहून भागत नाही. कळी, फूल, फळ, बी असं सगळं एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन बघावं लागतं. ऑर्किडं आणि कंदिलपुष्पं सगळ्यांनाच हवी असतात. ती सुंदर आहेत, त्यांच्यावर काम करणाऱ्यांची वाटही मळलेली आहे. पण गवतं, लव्हाळे, कारवीची भावंडं यांच्याकडे बघणारी माणसं फार थोडी आहेत, आणि तिथं शिकलेल्या माणसाची गरज मोठी आहे.

मी गेंद धरला, म्हणजे एरिओकॉलॉन. कासच्या पठारावर सप्टेंबरात पांढऱ्या गुंड्यांची चादर पसरलेली असते, तोच हा. लांबून सगळे गेंद सारखे दिसतात. फरक आहे तो त्या गुंडीच्या आत. एका गुंडीत कितीतरी फुलं असतात, नरफुलं आणि मादीफुलं मिसळलेली, आणि एकेक फूल दोन-तीन मिलिमीटरचं. वाळलेल्या नमुन्याची गुंडी असेल तर पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून ती जरा उकळून घ्यायची, म्हणजे फुलं मऊ पडतात. मग काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात एक फूल सोडायचं आणि डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली दोन सुयांनी हळूहळू उलगडायचं. निदलं किती, सुटी की जुळलेली? पाकळीच्या टोकाला काळी ग्रंथी आहे का? परागकोश काळे की पांढरे? बीजाच्या सालीवरची जाळी कशी? श्वास जोरात सोडला तरी फूल जागचं हलतं. दिवसभरात दोनच गुंड्या झाल्या तरी दिवस चांगला गेला असं मी समजते. काही वर्षांपूर्वी आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सिंधुदुर्गातून आणि कर्नाटकातल्या कुमट्याहून गेंदाच्या दोन नव्या प्रजाती प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यामागे अशा किती गुंड्या उलगडल्या असतील ते मला न सांगता कळलं.

आता नमुना गोळा करण्याबद्दल, कारण इथं घाई करणाऱ्यांचं काम पुढे कुणाच्याच उपयोगी पडत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत झाड वाळवणं हेच मोठं कौशल्य आहे. प्रेसमधले, म्हणजे झाड दाबून वाळवायच्या चौकटीतले, वर्तमानपत्राचे कागद पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ बदलावेच लागतात, नाहीतर पानं काळी पडतात आणि बुरशी धरते. ओले कागद वाळवायचे कुठे? आंबोलीसारख्या ठिकाणी आठवडाभर ऊन दिसत नाही. ज्या घरी मुक्काम असेल तिथल्या काकूंना विचारून चुलीच्या वरच्या मांडणीवर कागद पसरायचे. वीज असेल तर लाकडी खोक्यात बल्ब लावून प्रेस त्यावर उभा ठेवायचा.

तेरड्यासारखी नाजूक फुलं असतील तर आणखी सांभाळावं लागतं. तेरड्याचं फूल तसंच दाबलं तर त्याचा चिकट गोळा होतो आणि नंतर त्यातून काहीच कळत नाही. फूल ताजं असतानाच पाकळ्या सुट्या करायच्या, टिपकागदावर एकेक पसरायच्या, शेपटीसारखा लांब भाग सरळ करायचा आणि शेजारी पेन्सिलीने क्रमांक लिहायचा. दोन-चार फुलं सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीतही ठेवायची. हे सगळं जागेवर, पावसात, छत्री मानेत धरून. सोबत एक माणूस असला की काम निम्मं होतं.

आणि लेबल. जुन्या संग्रहांतली काही लेबलं बघून जीव हळहळतो : "आंबोली, जंगलात" एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी असं हवं : आंबोली-चौकुळ रस्त्यालगतचा सडा, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर, जांभ्यावर साचलेल्या उथळ पाण्यात, झाड वीतभर उंच, पाकळ्या फिकट गुलाबी, तळाशी पिवळा ठिपका, वास नाही, थोडीच झाडं. रंग आणि वास वाळल्यावर उडून जातात, म्हणून ते तिथंच वहीत उतरवा. खोलीवर येऊन आठवून लिहू नका. संग्राहक क्रमांक एकच सलग ठेवा, गावागणिक नव्याने एकपासून सुरू करू नका. पन्नास वर्षांनी तुमच्या शीटसमोर, म्हणजे नमुना चिकटवलेल्या कागदासमोर, बसणाऱ्याला तुम्ही भेटणार नाही, तेव्हा जे सांगायचं ते त्या लेबलावरच सांगायचं आहे.

कंद असलेल्या झाडांच्या बाबतीत माझा आग्रह आहे की कंद उपटू नये. खरचुडीचे, म्हणजे कंदिलपुष्पांचे, कंद गुराखी पोरं खातात आणि तरी ती टिकून राहिली, पण एका सड्यावर दहा-पंधराच झाडं असतील तर फुलांची एक फांदी, फोटो आणि नोंदी पुरेशा आहेत. नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. अभयारण्यात जायचं तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. नवी प्रजाती ठरली तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ती शासनमान्य भांडाराला कळवून तिचा नमुना तिथं जमा करावा लागतो.

नाव देणं हा शेवटचा आणि त्यामानाने छोटा टप्पा. त्याचे नियम मात्र कडक आहेत. नाव लॅटिन रूपातच हवं. वर्णन पूर्वी लॅटिनमध्येच द्यावं लागे, १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीतलंही चालतं. एक विशिष्ट शीट 'टाइप' म्हणून जाहीर करावी लागते आणि ती कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवली तेही सांगावं लागतं. नाव कायमचं त्या शीटला बांधलेलं असतं. नंतर कधीही वाद झाला तर वर्णन बाजूला ठेवून ती शीट काढली जाते. नाव स्वतःचं ठेवू नये हा संकेत आहे, पण दुसऱ्याचं ठेवता येतं. आंबा घाटातली सोनघंटा बघा, अब्युटिलॉन रानडेई. वुड्रो आणि स्टाफ यांनी १८९४ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि नाव ठेवलं रानडे या आपल्या संग्राहकाचं. घाटात हिंडून नमुने आणणाऱ्या माणसाची आठवण अशी झाडाच्या नावात राहिली, याचा मला फार आनंद वाटतो.

"नावं सारखी का बदलता?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न, आणि तो विचारणाऱ्यांत शेतकी अधिकारी, वैद्य, वनरक्षक सगळे असतात. त्यांचा त्रास खरा आहे. आपली बाभूळ पिढ्यान्‌पिढ्या अकेशिया होती. अभ्यासातून दिसलं की अकेशिया हा एकजिनसी गट नाही, तो फोडावा लागणार. मग मूळ नाव कुणाकडे राहणार? ऑस्ट्रेलियात त्याच्या हजाराच्या आसपास प्रजाती, त्यामुळे २००५ मध्ये व्हिएन्नाला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये नाव तिकडे गेलं आणि २०११ मध्ये मेलबर्नला तेच कायम झालं. आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगॅलिया झाला. आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या अनेकांना हे पटलं नाही. मलाही तेव्हा वाईट वाटलं, पण नियम मतदानाने ठरतात आणि ठरले की सगळ्यांनी पाळायचे, तरच कोकणातल्या आणि केनियातल्या माणसाचं एकमेकांशी बोलणं होऊ शकतं. कुळांचंही तसंच. साग आता तुळशीच्या कुळात आहे, काटेसावर भेंडीच्या, आणि रुई करवंदाच्या. कॉलेजात बेंथम-हूकर ही वर्गीकरणाची जुनी पद्धत शिकून आलेल्यांना हे अवघड जातं. दोन्ही शिका. जुन्या हर्बेरियमची कपाटं अजून बेंथम-हूकरच्या क्रमाने लावलेली असतात, आणि नवे शोधनिबंध एपीजी या डीएनएवर आधारलेल्या नव्या पद्धतीप्रमाणे लिहिलेले.

डीएनएबद्दल थोडक्यात : शिका, लाजू नका, पण ज्या झाडाचा डीएनए काढला त्याची शीट हर्बेरियममध्ये नसेल तर तो क्रम कुठल्या झाडाचा हे कुणालाच पुन्हा तपासता येणार नाही.

आता पोटापाण्याचं, कारण घरचे हेच विचारणार. एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट ही परीक्षा लाइफ सायन्सेसमधून द्यावी लागते आणि तिच्यात वर्गीकरणाचा वाटा लहान आहे, त्यामुळे जनुकशास्त्र आणि पेशीविज्ञान टाळून चालणार नाही. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला ४२,००० आणि घरभाडे भत्ता वेगळा. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था १८९० मध्ये स्थापन झाली, तिचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे. तिथली पदं यूपीएससी आणि स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या जाहिरातींमधून येतात, थोडी येतात आणि मधे वर्षं जातात. महाविद्यालयात कायम जागा मिळेपर्यंत अनेकांची उमेदीची वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, निघतात. मी माझ्या विद्यार्थ्यांची ती ओढाताण जवळून पाहिली आहे आणि हुशार मुलांना तासांवर पैसे मिळावेत हे मला आजही मान्य नाही.

पण वनस्पती अचूक ओळखणाऱ्या माणसाला इतर कामंही मिळतात. आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्यांना कच्च्या मालाची खात्री करून देणारा हवा असतो. धरण, खाण, रस्ता यांच्या पर्यावरण अहवालात वनस्पतींची यादी लागते. ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांना जाणकार लागतो. पर्यावरण अहवालाचं काम घेतलंत तर एक लक्षात ठेवा : दुर्मिळ झाड सापडलं आणि कुणी ते यादीतून गाळायला सांगितलं तर काम सोडा. तुमची सही असलेल्या यादीवरच पुढे त्या सड्याचं काय होणार ते ठरतं.

शोधनिबंध कुठे पाठवायचा हे मार्गदर्शकाला विचारून ठरवा. ऱ्हीडिया, नेलुंबो, फायटोटॅक्सा, क्यू बुलेटिन ही माहितीतली नियतकालिकं आहेत. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या असं सांगणाऱ्यांकडे अजिबात जाऊ नका. तिथं छापलेलं चुकीचं नावही नियमात बसलं तर कायम राहतं आणि पुढच्या सगळ्यांना ते सोडवत बसावं लागतं.

मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात सर्वेक्षण संस्थेचं आणि आघारकरचं, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं. जाण्याआधी प्रमुखांना पत्र लिहा, कुठला गट बघायचा आणि का ते दोन ओळींत सांगा. शीट दोन्ही हातांनी, आडवी, टेबलाला समांतर उचलायची. पुस्तकाच्या पानासारखी उलटली तर शंभर वर्षांचं वाळलेलं फूल गळून पडतं. शीटवर पेनाने काही लिहायचं नाही. तुमचं मत वेगळं असेल तर 'डेट' (डिटरमिनेशन) स्लिप, म्हणजे ओळख नोंदवायची चिठ्ठी, मागा, तिच्यावर नाव, तारीख आणि तुमची ओळख लिहा. जुनी स्लिप काढू नका, आपली तिच्या शेजारी चिकटवा. फूल उलगडून बघायचं असेल तर परवानगी घ्या आणि सुटे झालेले भाग शीटवरच्या छोट्या पाकिटात परत ठेवा. सोबत स्वतःचं भिंग, पेन्सिल, वही आणि आपल्या भागातले चांगले वाळवलेले पाच-सहा नमुने घेऊन जा. तिथल्या माणसांना नवीन नमुने बघायला फार आवडतं, आणि त्यांच्यासोबत एका टेबलावर बसून तुमची झाडं कपाटातल्या शीटांशी ताडून बघण्यात तुमचा पहिला दिवस जाईल.