इलेक्ट्रिक चेन सॉ: मशीन जाळणाऱ्या आणि बोटं घालवणाऱ्या या चुका टाळा

"मशीन कापत नाही" म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या इलेक्ट्रिक चेन सॉमध्ये बऱ्याचदा मोटर ठणठणीत असते. चेन बोथट झालेली असते, उलटी बसवलेली असते, नाहीतर ऑइलची टाकी कोरडी पडलेली असते. पेट्रोल नाही, धूर नाही, दोरी ओढायची कटकट नाही, बटण दाबलं की सुरू. त्यामुळे लोक तिला मिक्सरसारखं वापरतात. पण चेन सेकंदाला 10 ते 15 मीटर वेगाने पळते, आणि मांडीला लागली तर हाडापर्यंत जायला तिला क्षणही पुरतो.

बोथट चेनवर जोर लावणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नेहमीचा प्रकार असा: वादळात फणस आडवा झालेला. खोड मातीवर, आणि मालक वरून थेट आरपार कापत जातो. पहिले दोन कट लोण्यासारखे जातात. तिसऱ्याला चेन खालच्या मातीला जेमतेम लागते. एवढ्यानेच दातांची धार जाते, पण मशीन बंद पडत नसल्याने त्याच्या ते लक्षात येत नाही. तो अंग टाकून दाबू लागतो. मोटर कण्हते, बारमधून (चेन ज्या लांब पट्टीवरून फिरते ती) धूर निघतो, ओव्हरलोड स्विच उडतो. दोन मिनिटं थांबून स्विच पुन्हा दाबला जातो, पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत बारच्या कडा निळ्या पडतात, वॉर्निश जळल्याचा वास येतो आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा आत फिरणारा तारा गुंडाळलेला भाग, जातं. कानस पाच मिनिटं फिरवली असती तर हा खर्च झाला नसता.

भुशाकडे बघा, तो सगळं सांगतो. धार असेल तर चपट्या, जाडसर कपच्या उडतात. पिठासारखी पूड पडायला लागली की थांबा. धारदार चेन स्वतःहून लाकडात शिरते, ती दाबावी लागत नाही. कट एका बाजूला वळत असेल, तर त्या बाजूचे दात लांब आहेत आणि दुसऱ्या बाजूचे झिजलेले.

घरगुती मशीनला बहुधा 3/8 लो प्रोफाइल चेन असते आणि तिला 4 मिमीची गोल कानस लागते. तरी चेनच्या डब्यावरचा आकडा वाचा. दुकानदाराने दिली म्हणून 4.8 मिमीची घेतली तर दाताचा आकारच बिघडतो. प्लग काढा, हातमोजे घाला, बार शिकंजात धरा. सुरुवातीच्या दातावर मार्करने खूण करा. कानस 30 अंशात धरून दाताच्या आतून बाहेर ढकला. परत ओढताना उचला, घासू नका. सगळ्यात आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्याच लांबीला आणा. दात निम्म्यापर्यंत खाण्यापेक्षा दर वेळी टाकी भरताना प्रत्येक दाताला कानशीचे दोन फेर देण्याची सवय बरी. दात किती खोल खाईल ते ठरवणारा, दातापुढचा बुटका डेप्थ गेज दर तीन-चार धारांनंतर चपट्या कानशीने उतरवा, पण दाताच्या टोकापेक्षा साधारण 0.65 मिमीच खाली ठेवा. "जास्त कापेल" म्हणून तो भसाभस उतरवणाऱ्यांचं मशीन लाकडात अडकतं आणि झटके मारतं. ग्राइंडरवर घाईत धार लावून दात निळे केले, तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि ती चेन भंगारातच जाते.

घरातला एक्स्टेन्शन बोर्ड

2000 वॅटचं मशीन 230 व्होल्टला सुमारे 9 अँपिअर खातं. टीव्ही-फॅनच्या बोर्डाची वायर यासाठी नसते. 1 चौरस मिमी तांब्याची 50 मीटर वायर लावली तर 15-16 व्होल्ट तारेतच संपतात, आणि चेन अडकून करंट वाढला की त्याच्या दुप्पट. गावाकडे संध्याकाळी आधीच 190 असतील, तर मशीनला 175 मिळतात. फेरे कमी होतात, मोटरचा पंखाही मंदावतो, आणि कापणारा मात्र अजून दाबतो. 20 मीटरपुढे 2.5 चौरस मिमीची तीन कोअर वायर घ्या, 16 अँपिअरच्या सॉकेटला लावा. रीळ असेल तर पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेली वायर तापते आणि कोटिंग वितळतं. लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर मशीन लावूच नका. वायर उजव्या खांद्यावरून पाठीमागे सोडा, कापायच्या बाजूला कधीच नको. पाऊस पडत असेल तर उद्या कापा. झाड कुठे जात नाही.

जळकं ऑइल

गॅरेजमधून फुकट मिळतं, म्हणून लोक आनंदाने ओततात. त्यात लोखंडाची बारीक पूड असते, ती ऑइल पंप आणि बार दोन्ही खाते. शिवाय ते चेनला चिकटत नाही, उडून तुमच्याच अंगावर येतं, आणि त्वचेला ते चांगलं नाही. चेन ऑइल चिकट असतं, ते टोकापर्यंत पोचतं. तपासायला बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून मशीन चालवा. तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बार काढून ऑइलचं भोक आणि खाच कोरून काढा. फणसाच्या चिकाने ती हमखास तुंबते. त्याच वेळी बार उलटा बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

चेनचा ताण थंड असतानाच बघा. खालून ओढल्यावर 3-4 मिमी सुटावी आणि सोडताच खट्‌कन बसावी. गरम असताना घट्ट केली तर थंड झाल्यावर आवळते. बारच्या वरच्या बाजूला दाताची धार पुढे असते. नवी चेन धूर काढते पण कापत नाही, तर ती उलटी आहे. शिडीवर चढून कापू नका, खांद्याच्या वर तर नाहीच. डावा अंगठा हँडलखाली गुंडाळा. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला टेकू देऊ नका, मशीन तोंडावर उलटतं. पुढच्या हँडलसमोरचा चेन थांबवणारा ब्रेक रोज मनगटाने पुढे ढकलून बघा.

वादळात पडलेलं झाड

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर कोकणात लाखमोलाची झाडं आडवी झाली आणि घरोघरी करवती निघाल्या. पण पडलेलं खोड ताणाखाली असतं, ते शांत दिसतं एवढंच. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये अधांतरी, तर वरची बाजू दाबलेली असते. वरून एक तृतीयांशच कापा, मग खालून वर या. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं लटकतंय, तर उलटं करा: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. खालून कापताना मशीन तुमच्याकडे ढकललं जातं, पाय रोवून उभे राहा. धनुष्यासारखं वाकलेलं खोड असेल तर वाकाच्या आतल्या बाजूला थांबा. मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड तोडलं की बुंधा सटकन उभा होऊ शकतो, म्हणून खड्ड्याच्या आसपास पोरंटोरं आणि कुत्रीही नकोत. मातीवरचं खोड तीन चतुर्थांश कापून गडगडवा आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने. उभं झाड असेल तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याची परवानगी लागते का, ते वन खात्याकडे आधी विचारा.

पावसाळ्यात मशीन ठेवताना टाकी रिकामी करा, चेन सैल करून तेलात बुडवा, मोटरच्या जाळीतला भुसा ब्रशने काढा. कार्बन (मोटरला करंट पोचवणारे, घासून झिजणारे दोन तुकडे) मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शाला आले असतील तर दोन्ही बदला, एकच नको. जाळीतून ठिणग्यांचं पूर्ण कडं दिसत असेल तर कार्बन बदलूनही मशीन चालवू नका, आधी कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) दाखवून घ्या.