लेगोलँड दुबईचं ड्रायव्हिंग स्कूल: मुलाला नेण्याआधीची तयारी

आधी वय बघा, कारण कोणत्या रांगेत उभं राहायचं ते त्यावरच ठरतं. दुबईच्या लेगोलँडमध्ये, म्हणजे लेगो या खेळण्यातल्या विटांवर बेतलेल्या मनोरंजन उद्यानात, मुलांनी स्वतः चालवायच्या छोट्या गाड्यांचे दोन वेगळे मार्ग आहेत: 3 ते 5 वर्षांच्या मुलांसाठी ज्युनिअर ड्रायव्हिंग स्कूल आणि 6 ते 13 वर्षांसाठी ड्रायव्हिंग स्कूल. तिथल्या बऱ्याच राइड्सना उंचीची पट्टी लावतात, इथे मात्र वय विचारतात आणि तेही पूर्ण झालेलं. आपल्याकडे “सहावं लागलंय” म्हणतात ते मूल तिथल्या हिशेबाने पाच वर्षांचं. पासपोर्टच्या फोटोच्या पानाचं चित्र मोबाइलमध्ये ठेवा, म्हणजे शंका आलीच तर जागच्या जागी मिटते. वय वाढवून सांगू नका. मोठ्या मार्गावर सिग्नल असतात, समोरून गाड्या येतात, आणि लहान मुलाचा पाय पेडलपर्यंत नीट पोचत नाही. ज्युनिअरचा मार्ग सोपा, एका दिशेने फिरायचा असतो. पाच वर्षांच्या मुलाला तिथेच खरी मजा येते. घरात एक पाच वर्षांचं आणि एक सात वर्षांचं असेल तर रांगा दोन, म्हणून मोठी माणसंही किमान दोन हवीत. एकटे असाल तर आधी मोठ्याची फेरी उरका, धाकटा तुमच्याबरोबर कुंपणापाशी उभा राहून बघेल आणि त्यातून शिकेलही.

दुसरी गोष्ट मुलाला दोन-चार दिवस आधीच सांगून ठेवा: गाडीत आईबाबा नसतात. फाटकापाशी मूल एकटं आत जातं. तिथला प्रशिक्षक मुलांच्या गटाला बसवून नियम सांगतो, मग प्रत्येकाला एक गाडी मिळते, पट्टा लावतात आणि काही मिनिटं मुलं मार्गावर मोकळी सोडतात. शेवटी खेळातलं लायसन्स हातात. पालक पूर्ण वेळ कुंपणाबाहेर. हे आधी माहीत नसलेली मुलं नेमकी फाटकातच बिथरतात, आणि तासभर रांगेत काढलेला वेळ वाया जातो. डेन्मार्कमधल्या बिलुंडला 1968 साली पहिलं लेगोलँड सुरू झालं तेव्हापासून ही वाहतुकीची शाळा तिथे आहे. तिचा हेतू मुलांना रस्त्याचे नियम शिकवण्याचा, शर्यत लावण्याचा नव्हे, आणि दुबईतही तोच आहे. म्हणून तयारी बॅगेपेक्षा मुलाच्या हातापायांची करायची.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलांची सगळ्यात जास्त गडबड होते ती बाजूची. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते, दुबईत उजवीकडून, आणि या छोट्या रस्त्यांवरही तोच नियम. रिक्षातून, बाबांच्या स्कूटरवरून मुलाने वर्षानुवर्षं डावीकडचा रस्ता पाहिलेला असतो, त्यामुळे “कीप राइट” ऐकूनसुद्धा पहिल्या वळणावर ते डाव्या पट्ट्यात शिरतं आणि समोरच्या गाडीच्या तोंडाशी येऊन थांबतं. यावर उपाय घरच्या फरशीवर आहे. खडूने दोन पट्ट्यांचा रस्ता आखा, एक चौक काढा, एक सर्कल काढा. मुलाच्या हातात जेवणाचं ताट द्या, तेच स्टिअरिंग, आणि त्याला उजव्या पट्ट्यातून चालायला लावा. उजवीकडचं वळण छोटं, कडेला लागून घ्यायचं. डावीकडचं मोठं, आधी पुढे जाऊन मग वळायचं, नाहीतर गाडी थेट समोरच्या पट्ट्यात जाते. सर्कललाही फरक आहे: आपण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, तिथे उलट. तुम्ही स्वतः समोरून “गाडी” होऊन या, म्हणजे कोणी कुठून जायचं ते मुलाच्या अंगवळणी पडेल. रोज दहा मिनिटं, तीन-चार दिवस, एवढं पुरतं. दुबईत किंवा शारजात राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना याची गरज नाही, त्यांना उजवी बाजूच सवयीची. आणि सिंगापूरच्या सहलीतून जोहोरच्या लेगोलँड मलेशियाला जाणार असाल तर हा सगळा परिच्छेद विसरा. मलेशियात वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते.

ताट हातात आहे तोवर आणखी दोन सवयी करून घ्या. पहिली, वळण संपलं की स्टिअरिंग सरळ करणं. मुलं चाक फिरवतात, गाडी वळते, पण हात तिथेच धरून ठेवतात. मग गाडी वळतच राहते आणि कडेला जाऊन टेकते. मार्गावर अडकलेल्या गाड्यांपैकी बहुतेकींचं कारण हेच असतं. “फिरव, वळलास, आता परत सरळ” असं मोठ्याने म्हणत सराव करा. दुसरी सवय पायाची. या गाड्या विजेच्या आणि हळू चालणाऱ्या असतात. पेडल दाबलं की गाडी पुढे जाते, पाय उचलला की थांबते. पण मूल घाबरलं की उलट करतं: कडेला आपटलं की पाय आणखी घट्ट दाबून धरतं. घरी “स्टॉप” म्हटलं की पाय जमिनीवरून वर, हा खेळ खेळा. अडकल्यावर काय करायचं तेही आत्ताच सांगून ठेवा: पाय उचल, हात वर कर, बसून राहा. गाडीतून उतरायचं नाही, पट्टा काढायचा नाही. तिथली माणसं मार्गावर फिरत असतात, येऊन गाडी सरळ करून देतात.

सूचना इंग्रजीत असतात. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलालाही त्या अवघड जाऊ नयेत म्हणून सात-आठ शब्द पाठ करून घ्या: स्टॉप, गो, लेफ्ट, राइट, स्लो, वेट, सीटबेल्ट, राउंडअबाउट. लाल, पिवळा, हिरवा दिवा मुलांना माहीत असतो. मात्र लाल दिव्याला रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषेच्या अलीकडे थांबायचं, रेषेवर नाही, हे दाखवून द्या. तेवढ्यावर प्रशिक्षक खूश होतो. मुलाला गाडीत बसायला, पेडल दाबायला किंवा सूचना समजायला वेगळी मदत लागणार असेल तर सकाळी आत शिरल्याशिरल्या अतिथी सेवा कक्षात बोला. रांगेच्या टोकाशी पोचल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातात फारसं काही नसतं.

कपड्यांचं थोडक्यात. पायात बंद बूट, चप्पल किंवा क्रॉक्स नको, कारण सैल पादत्राण पेडलवरून घसरतं. लांब केस बांधलेले हवेत. ओढणी, लोंबणाऱ्या दोऱ्या, गळ्यातली पाण्याची बाटली आधीच काढून घ्या. कान झाकणारी मोठी टोपी नको, सूचना ऐकू येत नाहीत. सनस्क्रीन लावायचं असेल तर रांगेत लागण्याआधी लावा आणि तळहात पुसा, नाहीतर स्टिअरिंग निसटतं. मार्ग उघड्यावर आहे, त्यामुळे ऋतू महत्त्वाचा. नोव्हेंबर ते मार्च हवा सुखाची असते. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे पारा चाळिशीच्या आसपास जातो, तेव्हा जायचंच असेल तर उद्यान उघडताच आधी गाड्या आणि दुपार घुमटाखालच्या वातानुकूलित मिनिलँडमध्ये, म्हणजे लेगोच्या विटांनी केलेल्या छोट्या इमारतींच्या दालनात. तिथला लेगोच्या विटांचा बुर्ज खलिफा सुमारे 17 मीटर उंच आहे, दुपार सहज निघते.

वार निवडताना लक्षात ठेवा की 2022 पासून अमिरातीत सुट्टी शनिवार-रविवारची आहे आणि शुक्रवारी सरकारी कार्यालयं अर्धा दिवसच चालतात. मंगळवार-बुधवार सगळ्यात बरे. नाताळ ते नववर्ष हा आठवडा शक्यतो टाळाच. रमजानमध्ये वेळा बदलतात, म्हणून तिकीट काढताना त्या तारखेचं वेळापत्रक उघडून बघा, त्यातच त्या दिवशी बंद असलेल्या राइड्सही कळतात. उद्यान शेख झायेद रोडवर अबू धाबीच्या दिशेला, शहरापासून लांब आहे. करामा किंवा बर दुबईत उतरला असाल तर गाडीने पाऊण तास धरून चाला.

रांगेचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका, तो हमखास चुकतो. रोलर कोस्टरची रांग लांब दिसली तरी भराभर सरकते. इथे गट आत घेतात, नियम सांगतात, फिरवतात, उतरवतात, मग पुढचा गट, त्यामुळे छोटी रांगही रेंगाळते. हिशेब असा करा: रांगेत उभी असलेली फक्त मुलं मोजा, मोठी माणसं सोडा. मार्गावर फिरणाऱ्या गाड्या मोजा. एका गटाला आत घेतल्यापासून पुढचा गट आत जाईपर्यंत किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघा. समजा 45 मुलं, 15 गाड्या आणि 12 मिनिटं. म्हणजे तुमच्या पुढे तीन गट, 36 मिनिटं. त्याआधी मुलाला बाथरूमला नेऊन आणा. एकदा आत बसल्यावर “शू आली” म्हटलं तर जागा जाते.

मूल आत गेलं की फोटोसाठी सिग्नलजवळची जागा धरा. तिथे गाडी थांबते, चेहरा समोर येतो. वळणावर काढलेले फोटो हलतात. कुंपणाबाहेरून “डावीकडे! उजवीकडे!” असं ओरडू नका. मुलाची नजर रस्त्यावरून तुमच्याकडे वळते आणि तेवढ्यात गाडी कडेला जाते. वर तुमची उजवी बाजू आणि तोंड तुमच्याकडे करून बसलेल्या मुलाची उजवी बाजू एकमेकांच्या उलट असते. बाहेर पडायचं दार शिरायच्या दारापेक्षा वेगळं असतं, म्हणून कुठे भेटायचं ते आत पाठवण्याआधीच मुलाला बोटाने दाखवा. तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात किंवा मनगटावरच्या पट्टीवर असू द्या, +91 किंवा +971 सकट.

लायसन्सवर फोटो हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात. घ्यायचं की नाही ते घरीच ठरवा, काउंटरसमोर मुलाशी वाद घालणं अवघड जातं. आणि दिवसाच्या आखणीत दोन फेऱ्या धरा. पहिल्या फेरीत बरीच मुलं कडेला अडकतात, कोणी रडतं, कोणाला लाल दिवा दिसतच नाही. दुसऱ्या फेरीत तेच मूल सर्कलला थांबून दुसऱ्याला जागा देतं. पहिली फेरी उद्यान उघडताच घ्या आणि दुसरी शेवटच्या तासात, ऊन उतरल्यावर. पण रांग बंद व्हायची वेळ उद्यान बंद होण्याआधीची असते, ती सकाळीच फाटकावर विचारून ठेवा.