गरोदरपणात वजन किती आणि कसं वाढवावं

आधी गरोदरपणापूर्वीचं वजन किलोत घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उत्तर 18.5 ते 24.9 आलं, तर नऊ महिन्यांत 11.5 ते 16 किलो वाढ योग्य. त्याहून कमी आलं तर 12.5 ते 18, 25 ते 29.9 असेल तर 7 ते 11.5, आणि 30 च्या पुढे 5 ते 9 किलो. जुळ्यांचं गणित वेगळं, ते डॉक्टरांकडूनच घ्या.

पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो पुरे. चौथ्या महिन्यापासून साधारण 350 कॅलरी जास्त लागतात: एक पेला दूध, मूठभर शेंगदाणे, एक केळं. बस्स! ‘दोन जिवांचं खा’ म्हणत सासूबाई ताटात तूप-साखर वाढतील, पण त्यातून प्रथिनं मिळत नाहीत.

इंदूरची सकाळ पोह्यांशिवाय होत नाही, आणि ते सोडूही नका. शेव-जिलबी बाजूला ठेवा. पोह्यांत वाटीभर वाफवलेली मोडाची मटकी घाला, वर लिंबू पिळा. त्याने लोह नीट शोषलं जातं. लगेच चहा घेतलात तर तेच लोह वाया जातं, म्हणून तासभर थांबा. सराफ्यातलं, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातलं, चाट, पाणीपुरी मात्र टाळाच, पाण्याचा भरवसा नसतो.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी लघवीनंतर, उपाशीपोटी, त्याच काट्यावर करा. आठवड्यात एक किलोहून जास्त वाढ, चेहऱ्यावर सूज, डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या.